जुनी तिजोरी पारखताना

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष सुरू झाला. सकाळी चहा ओतता ओतता मृणालिनी म्हणाली, ते कपाटातलं घराबाहेर काढ, नाहीतर नीट बंद तरी कर. ‘ते’ म्हणजे पिस्तूल. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी ही त्या वस्तूचं नाव घेत नाही. नवऱ्याला मात्र सरळ शंतनू म्हणते, तेही वरच्या पट्टीत.

पिस्तूल मी एप्रिलमध्ये घेतलं. कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटच्या गल्लीत एका आठवड्यात दोन घरं फुटली. दोन्ही देशी. चोर टीव्हीला शिवले नाहीत, सरळ तांदळाच्या डब्यापाशी गेले. आपण सोनं कुठे ठेवतो हे आता चोरांच्या अभ्यासक्रमात आहे. मग मी लेखी परीक्षा दिली, कायद्याप्रमाणे दहा दिवस थांबलो आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सशस्त्र झालो. त्यानंतर चोर आले नाहीत. माझा दरारा म्हणायचा की त्यांची सुट्टी, कळायला मार्ग नाही. वस्तू बुटांच्या खोक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. तिच्यासोबत मिळालेलं तारेचं कुलूप तिला लावलंय आणि किल्ली माझ्या जुडग्यात.

ऑगस्टमध्ये कंपनीने एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर माझे आभार मानले. तेव्हापासून घरी आहे.

मी मृणालिनीला म्हटलं, ती वस्तू एप्रिलपासून तिथेच आहे, चार महिने तुला खुपली नाही, आता काय बदललं? तिने कप धुवायला घेतला. तो आधीच धुतलेला होता.

तडजोड: पिस्तूल ठेवायचं, पण बंदुकांच्या तिजोरीत. नवी घ्यायचं कारण नाही, जुन्या ढिगाने मिळतात. आणि एकोणीस वर्षं मी क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये होतो. दुसऱ्याच्या वस्तूत खोट काढणं यावरच माझं पोट चाललं.

१० सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस अभ्यास केला. एक्सेलमध्ये सतरा रकाने झाले.

थोडक्यात सार: तिजोरीचं दार पाहून भुलू नये. दार सहा इंच जाड दिसतं, त्यात लोखंड जेमतेम पाव इंच, उरलेलं भिंतीला लावतात तसलं प्लास्टरचं बोर्ड. आगीपासून रक्षण, असं त्याला नाव. लग्नात मुलाचा पगार सांगताना भत्ते धरतात तसं. खरी परीक्षा बाजूच्या पत्र्याची. पत्र्याचा गेज जितका लहान तितका पत्रा जाड. बारा बरा, दहा उत्तम, चौदा म्हणजे पिठाचा डबा. शिवाय दाराच्या कडेला फट किती, बोल्ट किती बाजूंनी बाहेर येतात, आत गंज आहे का, तळाला जमिनीत बोल्ट मारायची भोकं आहेत का.

काम असलं की बरं वाटतं. तीन वाजता जाग येतेच, पण आता उठून रकाने भरतो. नोकरी गेलेल्या माणसाचा जेट लॅग.

११ सप्टेंबर, गुरुवार

सान लिअँड्रोला पहिली तिजोरी पाहिली. मालक मासे पकडायचं सामान विकणारा गृहस्थ. मी बाजूला टिचकी मारली. माठ घेताना आई वाजवून बघायची, तसा आवाज ऐकला. चौदा गेज. मग दारात एक डॉलरची नोट अडकवली, दार लावलं, नोट ओढली. सुळकन आली. म्हणजे आग लागली तर धूर त्याच वाटेने आत.

मालक म्हणाला, अहो, हिला फोडायला चोराला वीस मिनिटं लागतील. मी म्हटलं, कात्री असेल तर दहा. परतीच्या वाटेवर मी चोराची मिनिटं समजावून सांगत होतो, तर मृणालिनीने मध्येच विचारलं, "आणि ज्याला कोड माहीत आहे, त्याला किती लागतात?"

मी हसलो. कोड माहीत असलेल्या माणसासाठी कुणी तिजोरी घेत नाही, असं समजावलं. तिने रेडिओ लावला. एकोणतीस वर्षं क्वालिटीवाल्या माणसाच्या घरात राहून हा प्रश्न.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुसरी तिजोरी, लिव्हरमोरची. सोबत सिद्धेश होता. सिद्धेश माझा अठरा वर्षांचा मित्र आणि आमच्या ओळखीत पिकअप ट्रक असलेला एकमेव मराठी माणूस. त्यामुळे लोकांची घरं बदलण्यात त्याचे शनिवार जातात.

तिजोरी बाहेरून झगझगीत. मी आत डोकं घातलं आणि वास घेतला. रंगाखाली जळकट. आतलं बोर्ड फुगलेलं, हात लावला की पापुद्रे येत होते. आगीतून निघालेली होती. एकदा तापून निघालेली तिजोरी पुन्हा आग सोसत नाही, रंग कितीही लावा. सिद्धेश म्हणाला, "यार, तू त्या मालकाला पोलिसासारखा उभा-आडवा घेतलास." मला बरं वाटलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा कुणी माझ्या कामाची दखल घेतली.

येताना त्याला माझी ड्रिल मशीन आणि कॅमेऱ्याच्या तिन्ही लेन्सा देऊन टाकल्या. पडूनच होत्या. तो घेईना. मी म्हटलं, ठेव रे, घर हलकं होतंय. यावर तो गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन उगाच टायर बघून आला. टायरला काही झालेलं नव्हतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज एक चमत्कार. मी म्हटलं, आता पितृपक्षात नको, घटस्थापना झाली की बघू. मला वाटलं, हे तिला पटेल. २०१४ मध्ये याच बाईने मला गाडी घेऊ दिली नव्हती. डीलर सूट द्यायला तयार, मी पेन हातात घेतलेलं, आणि ही म्हणाली, पंधरवडा आहे, उद्या बघू. तो उद्या अकरा दिवसांनी उजाडला.

आज ती म्हणाली, जुनी वस्तू आहे, तिला पितृपक्ष लागत नाही. मी म्हटलं, शास्त्रात कुठे आहे हे? ती म्हणाली, शास्त्र राहू दे, तू आज ने.

बाई बदलली. अमेरिकेने तीस वर्षांत जे केलं नाही ते एका लोखंडी खोक्याने केलं.

दुपारी बुटांचं खोकं खाली घेतलं आणि पुन्हा वर ठेवलं. का घेतलं हे लिहायला वाक्य जुळत नाही. माप घ्यायला, असं लिहितो. टेप मात्र नेली नव्हती.

१७ सप्टेंबर, बुधवार

एका वहीत सगळे पासवर्ड उतरवून काढले. वीज, पाणी, घराचा विमा, टॅक्सवाल्याचा फोन, पुण्यातल्या फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सुवाच्य अक्षरात, प्रत्येकाला वेगळं पान. शाळेत असताना अशी वही काढली असती तर बक्षीस मिळालं असतं. मृणालिनीला या गोष्टी कधी कळल्या नाहीत, पुढेमागे अडायला नको.

वही तिच्या उशाशी ठेवली. तिने दोन पानं चाळली आणि तशीच बाहेर ड्राइव्हवेवर गेली. अर्धा तास उन्हात उभी राहून फोनवर बोलत होती. हल्ली सगळे फोन ती ड्राइव्हवेवर घेते. घरात रेंज उत्तम आहे. आत आल्यावर मी विचारलं, अक्षर लागत नाही का? म्हणाली, लागतं. आणि वही तिच्या ऑफिसच्या बॅगेत घालून घेऊन गेली. ती काम करते त्या फार्मसीमध्ये आमच्या पाणीपट्टीचा पासवर्ड कशाला लागतो?

१८ सप्टेंबर, गुरुवार

अंतरा आली. सान डिएगोहून, न कळवता, गुरुवारी. मी विचारलं तर म्हणाली, "मिडटर्म पुश झाली, बाबा." तिच्या कॉलेजात आत्ता मिडटर्म कुठली, तीन महिन्यांचं सत्र अजून सुरूच व्हायचंय, हे मला फीच्या मेलवरून ठाऊक आहे.  आल्याचा आनंद झाला असावा. झाला का, हे तपासत होतो आणि सापडत नव्हता. चष्मा शोधावा तसा शोधला.

ही पोर आता मी जाईन त्या खोलीत येते. मी गॅरेजमध्ये, ती गॅरेजमध्ये. मी कपाटापाशी, तिला कपाटातून काहीतरी हवं. दोन वाजता सिद्धेशचा फोन, त्याला रोज काहीतरी फालतू विचारायचं असतं. आज विचारलं, कढीपत्त्याच्या झाडाला पाणी किती? तो कॅक्टस मारू शकणारा माणूस आहे. स्वतःच्या घरात मला बाथरूमखेरीज एकांत नाही, आणि तिथेही दहा मिनिटं झाली की दारावर टकटक.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मृणालिनीने स्वतःच तिजोरी शोधली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मोडेस्टोचे कुणी डॉ. उल्हास पारसनीस, वय एकोणऐंशी, निवृत्त भूलतज्ज्ञ, घर आवरून मुलीजवळ राहायला चाललेत. मराठी डॉक्टरकडे बंदुकांची तिजोरी! मी म्हटलं, गेज विचारलास का? नाही. बोल्ट? नाही. फोनवर पाऊण तास मग काय बोलत होतीस? म्हणाली, पत्ता घेत होते.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहायला वेळ लागतोय. क्रमाने लिहितो.

सकाळी सिद्धेशच्या ट्रकमधून मोडेस्टोला गेलो. मृणालिनी आणि अंतरासुद्धा आल्या. बदामाच्या बागा संपल्या की पारसनीसकाकांचं घर. काका उंच, किडकिडीत, हाफ पँटमध्ये. आल्याआल्या थालीपीठ वाढलं, स्वतः केलेलं. काकू जाऊन तीन वर्षं झाली. सत्तरच्या दशकात हॉस्पिटलमधले सहकारी त्यांना हरणाच्या शिकारीला घेऊन जात. काकू पक्क्या शाकाहारी. त्यांनी एकच अट घातली, बंदूक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. काका म्हणाले, बारा वर्षं जंगलात हिंडलो, एक हरीण मारलं नाही, पण चालणं फार झालं. बंदुका कधीच विकून टाकल्या. तिजोरी राहिली.

मग मला एकट्याला गॅरेजमध्ये घेऊन गेले. बाकीचे ट्रकमध्ये पट्टे बांधत होते.

मी कामाला लागलो. बाजूचा पत्रा वाजवला, भरीव आवाज, दहा गेज. बोल्ट चारी बाजूंनी. डॉलरची नोट अडकवली, निघेना. जुना चकतीचा लॉक काकांनी डोळे अधू झाल्यावर बदलून बटणांचा घेतलेला, चार वेळा चुकलं की वीस मिनिटं गप्प बसणारा. तळाला भोकं चार. मग दार उघडलं आणि आतून गोड्या मसाल्याचा भपकारा आला. काका म्हणाले, बंदुका गेल्यावर हिने मसाला इथेच ठेवायला घेतला, दमट होत नाही म्हणून. पंचवीस वर्षं. बाहेर वास आला का तुला? मला आला नव्हता. एक्सेलमध्ये या चाचणीचा रकाना नाही, पण तिच्याइतकी खात्रीची दुसरी नसेल.

मी म्हटलं, काका, हिच्यात दोष नाही. ते म्हणाले, "झोप किती होते तुला?"

"तीन तास. कधी चार."

"जेवतोस?"

"मृणालिनी वाढते."

"मी ते नाही विचारलं."

मी तिजोरीच्या बिजागऱ्या बघत राहिलो. मग त्यांनी विचारलं, ऑपरेशनच्या आधी ‘कशाची ॲलर्जी आहे का’ असं विचारतात, अगदी त्या आवाजात: "तुला मरावंसं वाटतं का रे?"

मी म्हणालो, "तसं अजून काही ठरलेलं नाही."

"म्हणजे विषय सभेपुढे आहे," काका म्हणाले.

मला हसू आलं. खरंखुरं, पोटातून. मग हसता हसता तोंडाचा आकार बदलला आणि मला तो आवरेना. काकांनी एक प्लास्टिकची बादली उपडी करून दिली, मी तिच्यावर बसलो. ते उभेच राहिले, खांद्यावर हात ठेवून. थोपटलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मग ते बोलले ते मला जवळपास शब्दशः आठवतंय. चाळीस वर्षं हॉस्पिटलात अशी माणसं पाहिली, म्हणाले. शहाणी, शिकलेली, विनोद करणारी. ती वेळ येते, थोडी थांबते आणि जाते. तेव्हा हाताशी काही नसलं, तर ती जाते आणि माणूस राहतो. पुढे औषध आहे, डॉक्टर आहेत, सगळं आहे. पण आधी माणूस राहायला हवा.

"म्हणून ही तुला देतोय. पैसे नकोत. भाव एवढाच, की कोड मृणालिनी घालेल आणि तुला सांगणार नाही. आणि तीसुद्धा दुकान उघडेपर्यंतच. मग ते यंत्र घरातून बाहेर. कबूल?"

मी घासाघीस करायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय. मग म्हटलं, कबूल.

दुकान, म्हणजे जिथून पिस्तूल घेतलं ते, आज आम्ही पोचेपर्यंत मिटलेलं असणार, आणि रविवार-सोमवार बंदच असतं. विकायचं तर मालकाने जाऊन सह्या करायच्या, दुसऱ्याला चालत नाही. काकांनी तिथूनच त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला, ती फ्रीमाँटजवळच मनोविकारतज्ज्ञ आहे. मंगळवारी दुपारी दोनची वेळ मिळाली. हे सगळं होत असताना मृणालिनी गॅरेजच्या दारात येऊन उभी होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही. तिने मला ‘पसंत आहे का’ असंही विचारलं नाही. पर्समधून काहीतरी काढून काकांना देऊ लागली. ती माझी पासवर्डांची वही होती. काकांनी पहिलं पान पाहिलं, मिटली आणि तिला परत दिली.

येताना मागे तीनशे पौंडांचं लोखंड आणि संपूर्ण ट्रकमध्ये मसाल्याचा वास.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. तिजोरी गॅरेजमध्ये बसवली. सिद्धेशने माझ्याच ड्रिलने जमिनीत चार भोकं पाडली. ड्रिल त्याने परत आणली होती, लेन्साही. बोल्ट आवळताना मला मदत करू दिली, याचा मला झालेला आनंद जरा मोठाच होता. चष्मा सापडला म्हणायचा.

मग मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. बुटांचं खोकं अंतराने कपाटातून काढलं. तिच्या हातात ते पाहून मला पहिल्यांदा काहीतरी झालं. वीस वर्षांची माझी मुलगी ते असं धरून नेत होती, जसं त्यात जखमी पक्षी आहे. मी दुसरीकडे पाहिलं. गॅरेजमधून सहा वेळा टिंग असा आवाज आला, मग दार बसल्याचा. जड, ठाम, उत्तम आवाज. दहा गेज.

अंतराने फ्रिजवर जिवावर उठलेल्यांसाठीच्या हेल्पलाइनचा तीन आकडी नंबर चिकटवला, शेजारी पिझ्झावाल्याचा. म्हणाली, "बाबा, एनी टाइम, ओके? दोन्ही."

२२ सप्टेंबर, सोमवार

हे लिहू की नको असं झालं. पण या वहीत खोटं लिहायला लागलो तर मग ही दुसरी नोकरीही गेली.

मृणालिनीला दोन तासांसाठी फार्मसीत जावं लागलं. अंतरा वर कॉलेजच्या कसल्याशा झूमवर. मी गॅरेजमध्ये गेलो. दाराची फट बघायला, असं मी मला सांगितलं. मग हात बटणांवर गेला. आधी अंतराची जन्मतारीख. मग लग्नाची. मग कोथरूडच्या घराचा फोन नंबर, शेवटचे सहा आकडे. मग मी कंपनीत लागलो ती तारीख. ती तारीख ती कशाला घालेल, पण मला आठवली. चौथ्याला लाल दिवा लागला आणि बटणं मेली.

वीस मिनिटं. तिजोरीला टेकून खाली बसलो. सिमेंट गार होतं. या वीस मिनिटांत मी काही थोर विचार केला नाही. पहिली पाच मिनिटं संताप होता, लॉकवर, मृणालिनीवर, मोडेस्टोवर. मग काहीतरी सैल होऊ लागलं, उतारावरून सुटलेली सायकल सपाटीला लागली की होते तसं. शेजारी वॉशिंग मशीन चाललं होतं. त्याचं पिळणं सुरू झालं आणि मला कळलं की मला भूक लागली आहे. महिन्याभरात पहिल्यांदा.

अंतरा खाली आली. लाल दिवा पाहिला, मला पाहिलं. शेजारी बसली आणि माझ्या बाहीचं टोक मुठीत धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. दिवा विझला तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो. माझा हात उचलला गेला नाही. तिने धरला होता म्हणून नव्हे. वीस मिनिटांपूर्वी बटणं दाबत होता तो माणूस निघून गेला होता. परत येईल, हेही मला दिसत होतं. तो पत्ता विसरणारा नाही.

आम्ही आमटी-भात खाल्ला. दोनदा घेतला.

पाच वाजता मृणालिनी आली तेव्हा मी ड्राइव्हवेवरच उभा होतो. गाडीचं दार उघडायच्या आत सांगून टाकलं, चार कोड घालून बघितले म्हणून. तिचा चेहरा असा झाला, की मी लगेच कोणते आकडे तेही सांगितलं, जणू त्याने बरं वाटेल. मग म्हटलं, आत चल. ती म्हणाली, नको, इथेच बोलू.

"का पण? महिनाभर बघतोय, तू सगळं इथे उन्हात बोलतेस."

"घरात बोलायचं नव्हतं," ती म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणते."

 ही बाई औषधांचे डोस मिलिग्रॅममध्ये मोजते. सिद्धेशशी, अंतराशी, काकांशी ती महिनाभर इथे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी राहून बोलत होती. का, तर घराने ऐकू नये. ऐकलं तर घर ‘तसंच होवो’ म्हणेल. मला मात्र तिने एक शब्द विचारला नाही, कारण मी घरात होतो.

मी म्हटलं, "कॅलिफोर्नियात प्लायवूडने बांधलेली वास्तू. तिला मराठी कळतं?"

"तुझं ऐकून ऐकून शिकली असेल," ती म्हणाली. आणि मग, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून: "शंतनू, मी कामावरून येते ना, तर गल्लीच्या वळणावर गाडी थांबवते. रोज. घराकडे बघायची हिंमत होत नाही म्हणून. तू जिवंत असशील की नाही, हे मला रोज त्या वळणावर माहीत नसतं."

समोरचे शेजारी कुत्रा फिरवत गेले, हात हलवला. आम्हीही हलवला. मग मी तिला म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, तुला माहीत नव्हतं हेच तर मला माहीत होतं.  

घट सकाळीच बसवले होते. संध्याकाळी आरतीला मी घंटा वाजवली. तिघांचेही आवाज बसलेले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दहाला दुकान उघडतं. पावणेदहाला आम्ही बाहेर. तिजोरी मृणालिनीने उघडली, खोकं अंतराने घेतलं, गाडीत मागे डिकीत ठेवलं. मी पुढे बसलो, हात मांडीवर. त्यांना काय करायचं ते मला कळत नव्हतं.

काउंटरवर साठीची एक बाई होती, चष्मा साखळीने गळ्यात. माझ्यासारखीच कामसू. वस्तू घेतली, तपासली, नंबर ताडून पाहिला, नळीत दिवा मारून डोळा लावला. मी तिच्याकडे व्यावसायिक आदराने पाहत होतो. एक-एक रकाना भरत गेली. मग पेन थांबवून तिने विचारलं, हिच्यात काही दोष आहे का? अडकते, अडखळते, काही? विकताय म्हणून विचारते.

मी इंग्रजीत सांगितलं, "नाही, वस्तू उत्तम आहे. मला बरं नाहीये."

पाठीमागे मृणालिनीच्या पर्सची चेन मध्येच थांबल्याचं ऐकू आलं. हे वाक्य तिने माझ्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. मी तरी कुठे ऐकलं होतं.

त्या बाईने चष्मा उतरवला आणि माझ्याकडे पाहिलं, जितकं पाहायला हवं तितकंच. मग वस्तू उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली, माझ्या नजरेआड, आणि परत येऊन कागद माझ्यासमोर सरकवले. खुर्चीही सरकवली. म्हणाली, सावकाश वाचा, घाई नाही.

मी वाचलं नाही. पाच ठिकाणी सह्या केल्या. एकोणीस वर्षांत न वाचता केलेल्या या पहिल्याच.

दोनची अपॉइंटमेंट अजून चार तास दूर होती. अंतरा म्हणाली, तिला भूक लागलीये. मी म्हटलं, मलाही.